अंगावरचं

ह्यांच्या पाठीवरचा पहिला चट्टा मी पाहिला तेव्हा तो रुपयाएवढा होता. रविवार होता, हे आंघोळीला बसले होते आणि पाठ चोळायला मला हाक मारली होती. उजव्या खांद्याखाली तांबूस गोल, कड जराशी उचललेली. मी म्हणाले, "नायटा झालाय वाटतं."

"कूलंट आहे ते," हे म्हणाले. "आमच्यात सगळ्यांनाच होतं."

हे म्हणजे माझे पती बुद्धभूषण. वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर होते. लोखंड कापताना तापू नये म्हणून मशीनमधून दुधासारखं तेलकट पाणी सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. दिवसभर त्यात हात भिजले की खाज सुटतेच. त्यामुळे मीही फार मनावर घेतलं नाही. मेडिकलवरून ट्यूब आणली, आठवडाभर लावली, चट्टा फिका पडला. महिन्याभरानं परत आला, आणि येताना आणखी दोन घेऊन आला.

असं वर्षभर चाललं. ट्यूब बदलायची, साबण बदलायचा, वांगं बंद करायचं. चट्टे कमरेवर गेले, मांडीवर गेले. मग कपाळावर बारीक टणक फोड्या आल्या, त्यात पू नाही की पाणी नाही. भुवयांची कातडी जाड झाली, कानाच्या पाळ्या सुजल्यासारख्या झाल्या. माणूस तोच, पण चेहरा वेगळा दिसायला लागला. मी क्रांती चौकातल्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकाकानाजवळच माझे हात असतात. तरी घरच्या माणसाचा चेहरा रोज थोडा थोडा बदलत गेला, म्हणून मला उशिरा दिसला.

कंपनीच्या बसमध्ये ह्यांच्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. हे मला त्यातलं काही बोलले नाहीत. ते मला त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याच्या बायकोकडून कळलं.

एक दिवस सासूबाईंनी ह्यांना उजेडात उभं केलं, कानाची पाळी बोटात धरून बघितली आणि हळूच म्हणाल्या, "भूषण, रक्तपिती तर नसंल ना रं?"

रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. आमच्या सगळ्यांच्या मनात तेच होतं, बोलल्या फक्त त्या. दुसऱ्या दिवशी आम्ही घाटीत गेलो, सरकारी दवाखान्यात, कातडीच्या विभागात. तिथं डॉ. प्रेरणा म्हणून मॅडम होत्या. त्यांनी ह्यांना डोळे मिटायला लावले आणि चट्ट्यांवर कापूस फिरवला. प्रत्येक वेळी हे "लागला" म्हणाले. कुष्ठरोगात तिथली जाणीव जाते, म्हणून ही परीक्षा.

"कुष्ठरोग वाटत नाही," मॅडम म्हणाल्या.

मी सुटकेचा श्वास सोडला. पण मॅडम थांबल्या नव्हत्या. त्यांनी काखेत, जांघेत, मानेवर हात दाबून बघितलं. तिथं गाठी होत्या. पाठीवरच्या चट्ट्याचा छोटा तुकडा काढला, दोन टाके घातले, रक्त घेतलं आणि मुंबईलाही रक्त पाठवावं लागेल असं सांगितलं.

रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं.

"हा रक्ताचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. त्या पेशी कातडीत जाऊन साठतात, म्हणून चट्टे आणि फोड्या. तुमचा प्रकार हळू चालणारा आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट."

ह्यांनी विचारलं, "कूलंटमुळं झाला का?"

"नाही. एका विषाणूमुळे. एचटीएलव्ही नाव आहे."

मला ते एचआयव्हीच ऐकू आलं. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. "एचआयव्ही नाही," त्या लगेच म्हणाल्या. "अक्षरं सारखी वाटतात, आजार वेगळा. ज्यांच्या अंगात हा विषाणू असतो त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. थोड्यांना होतं, तेही तीस-चाळीस वर्षांनी. तो रक्तातून जातो, नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, आणि आईच्या दुधातून जातो. तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"नाय मॅडम," हे म्हणाले. "घेतलं नाय. दिलंय."

आमच्या भीमनगरात दर चौदा एप्रिलला रक्तदान शिबिर असतं. अठरा वर्षांचे झाल्यापासून ह्यांनी एकही शिबिर चुकवलं नव्हतं. सर्टिफिकेटं सासूबाईंनी पेटीत ठेवली आहेत.

"ज्यांना माझं रक्त दिलं, त्यांना पण झालं असंल का?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासतात. ह्याची तपासणी आपल्याकडे होत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. मी रक्तपेढीला कळवते."

येताना गाडी बाबा पेट्रोल पंपाच्या सिग्नलला थांबली. हिरवा लागला तरी हे निघाले नाहीत. मागून हॉर्न वाजायला लागले. मी खांद्यावर हात ठेवला तेव्हा म्हणाले, "एक वर्षी डिलिव्हरीच्या बाईला गेलं होतं माझं रक्त. तिचा भाऊ आभार मानायला आला होता." मग गाडी काढली.

स्वतःला कॅन्सर झालाय, ह्यावर हे माझ्याशी फार बोलले नाहीत. त्या बाईवर मात्र आठवडाभर बोलत राहिले.

औषध सुरू झालं. आठवड्यातून तीनदा पोटावर इंजेक्शन, आणि रोज गोळ्या. इंजेक्शन घेतलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा. गोळी मात्र एचआयव्हीच्या रोग्यांना देतात तीच होती. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि मान वर करून आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याला समजावून सांगायला लागले. हे म्हणाले, "चल मेघा, कुणाकुणाला सांगशील?"

त्याच सुमाराला माझी आणि सासूबाईंची तपासणी झाली. दोघींच्याही रक्तात विषाणू नव्हता. माझ्यात नाही म्हणजे आमच्या दोन्ही मुलांचीही काळजी नव्हती. मला रडू आलं, ते सुटकेचं होतं. पण मॅडम सासूबाईंकडे बघत होत्या.

"आजी, ह्यांना लहानपणी तुम्हीच पाजलं ना? दुसऱ्या कुणी बाईनं पाजलं होतं का?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं. "नाय म्हनले ना," म्हणत त्या उठल्याच.

घरी येऊन त्यांनी मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसल्या. हे पलंगावर पडले होते. अर्धी मेथी झाल्यावर खाली बघतच म्हणाल्या, "मी डॉक्टरीणबाईला खोटं बोलले."

हे उठून बसले.

"तू झालास तवा तुझा बाप कारभारी पाटलाकडं सालगडी व्हता. आपन मळ्यातच खोपटात ऱ्हायचो. मला विषमज्वर आला, अंगावरचं दूध आटलं. तुझी आजी शेळीचं दूध पानी घालून पाजायची. तुला हगवन लागली. हाडं आन् कातडं उरलं व्हतं तुझं." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "त्याच टायमाला पाटलाच्या बायकोची पयली लेक गेली. आशाबाईची. आठ-दहा दिसांची असंल. ती दुपारची मळ्यात यायची, एकटीच, पाटाच्या कडंला बसायची. छाती दाटलेली, लुगडं वलं झालेलं. एक दिस तुझं रडनं ऐकून खोपटात आली. काय बोलली नाय. उचललं आन् लावलं छातीला."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दात येईस्तोवर. रोज यायची."

सासूबाई पुढे म्हणाल्या, "ते दिस नामांतराच्या भांडनाचे. गावात आपल्या मान्सांकडं कोन धड बघत नव्हतं. पाटलाघरची सून आपलं लेकरू पाजती हे कळलं असतं तर तिला घरात घेतली नसती. तिनं मला शपथ घातली. तुझ्या बापाला पन ठावं नव्हतं. मरेस्तोवर नाय सांगितलं त्याला."

"बरं झालं नाय सांगितलंस," हे म्हणाले. "आताही सांगू नको कुणाला."

"आशाबाईला सांगावं लागंल."

"काय सांगणार? तिनं मला जगवलं, आन् आपण तिच्या दारात जाऊन म्हणायचं, बाई, तुमच्या दुधातनं मला रोग आला? मला नाय जमणार ते. तू बी जाऊ नको."

"तिच्या मोनिकाला दिस गेलेत," सासूबाई म्हणाल्या. "भामाबाईचा फोन आला व्हता गावाकडून. डोहाळजेवण झालं म्हने."

मोनिका ही आशाबाईंची धाकटी. पहिली गेल्यावर दहा वर्षांनी झालेली, एकुलती एक. लग्न होऊन इथं शहरातच राहते.

"त्याचं काय?" हे म्हणाले.

"ती बी तेच दूध पिऊन वाढली. उद्या ती तिच्या लेकराला पाजंल." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "तू रोज त्या रक्त घेतलेल्या मान्सांसाठी झुरायलास. ते कोन, कुठले, तुला ठावं नाय. हिला तर मी वळखते."

ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "मेघाला घेऊन जा बरोबर. तुला डॉक्टरचं नीट सांगता येणार नाय."

आम्ही एसटीनं गंगापूरला गेलो, तिथून जीपनं. आशाबाईंचं घर स्लॅबचं, मोठं, अंगणात ट्रॅक्टर. कारभारी पाटील साखर कारखान्याच्या मीटिंगला गेले होते, ते आमच्या पथ्यावर पडलं. आशाबाई साठीच्या, उंच, अंगानं अजून ताठ. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"कडू? किती वर्सानं गं," त्या सासूबाईंना नावानं हाक मारत म्हणाल्या. "ये, वर खुर्चीत बस."

सासूबाई ओट्याच्या पायरीवरच बसल्या. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मग सासूबाई म्हणाल्या, "बाई, मी शपथ मोडली. हिला सांगितलं. भूषणला बी."

आशाबाईंनी आधी घरात कोणी आहे का बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "एवढी वर्सं नाय सांगितलं. आता काय नडलं व्हतं?"

सासूबाईंनी मला पुढे केलं. मग मीच सांगितलं. पाठीवरच्या चट्ट्यापासून सुरुवात केली, कॅन्सरवर आले, विषाणूवर आले, तो कसकसा जातो ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या मध्येच थांबवतील, हाकलतील. त्या ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजी माझं दूध नासकं व्हतं."

"असं नका म्हनू," सासूबाई म्हणाल्या.

"मग काय म्हनू? माझी पयली बी त्यानंच गेली का?"

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाल्या, हे व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तान्ह्या बाळाला हे होत नाही. आणि अजून तुमची तपासणीच झालेली नाही. कदाचित तुमच्यात नसेलही."

"तुमी पाजलं नसतं तर भूषण त्या टायमाला हगवनीनंच गेला असता, बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी डोळ्यानं बघितलंय. आता त्याला दोन लेकरं हायती. मी भांडायला आले नाय. मोनिकासाठी आले."

आशाबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. मोनिकाचं नाव निघाल्यावर त्यांचं बोलणंच बदललं. तपासणी कुठं होते, किती वेळ लागतो, पोटातल्या बाळाला काय, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "मालकाला काय सांगून येऊ शहरात?"

मी त्यांच्या चष्म्याकडे बोट केलं. "काडी तुटलीच आहे. आमच्या दुकानात या."

पुढच्या सोमवारी त्या आल्या. मी चष्म्याला नवी काडी बसवली आणि रिक्षानं त्यांना घाटीत नेलं. रक्त घेताना त्यांनी तोंड फिरवलं नाही, बाटलीत रक्त चढताना बघत राहिल्या. "दिसायला तर बरं दिसतंय," म्हणाल्या.

त्यांच्या रक्तात विषाणू निघाला. अंगावर एक डाग नाही, कुठं गाठ नाही, तब्येत ठणठणीत. मॅडमनी त्यांना सांगितलं की तुम्हाला बहुधा कधीच काही होणार नाही, वर्षातून एकदा दाखवत जा. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "लेकीला बोलवते."

मोनिका बी.एस्सी. झालेली आहे, नवरा सत्यम बँकेत. ती आठव्या महिन्यात होती. तिच्याही रक्तात विषाणू निघाला. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बाकावर मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं मोबाइलवर बरंच वाचलं होतं.

"खरं सांगू ताई," ती म्हणाली, "तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं, असं मला चार दिवस वाटत होतं. मला कळलंच नसतं. मी आनंदात पाजलं असतं."

"मलाही ऐकायचं नव्हतं," मी म्हणाले. "पाठीवर औषध लावताना वाटायचं, हा नायटाच असावा."

"आई माझ्याशी नीट बोलत नाहीये. तिला वाटतं तिनं मला काहीतरी केलं." तिनं पोटावर हात ठेवला. "मी तिला म्हटलं, तुला माहीत होतं का? नव्हतं. मला माहीत झालंय, म्हणून आता माझ्यावर आहे."

मॅडमनी तिला सांगितलं की अंगावर पाजलं नाही तर बाळाला होण्याची शक्यता खूप कमी होते, अगदीच जाते असं नाही. बाळाचं नक्की दीड-दोन वर्षांनंतर कळेल. सत्यम तिच्याबरोबर होता. त्याची तपासणी झाली, त्याच्यात काही नव्हतं. त्यानं डब्याच्या दुधाबद्दल इतके प्रश्न विचारले की मॅडम शेवटी हसल्या.

कारभारी पाटलांना हे सगळं आशाबाईंनी स्वतः सांगितलं. काय झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. दोन दिवस पाटील त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "झालं ते झालं. मोनिकाच्या सासरी दुधाचं कारण काय सांगायचं ते मी बघतो." आणि खरंच त्यांनी पाहिलं. लेकीला थायरॉइडच्या जोरदार गोळ्या चालू आहेत, त्यामुळे पाजायला मनाई आहे, असं विहिणीला स्वतः फोन करून सांगितलं. आमच्याशी मात्र ते अजून एक शब्द बोललेले नाहीत.

मोनिकाला मुलगा झाला. अंगावरचं दूध आटायची गोळी घ्यावी लागली. तरी तीन-चार दिवस छाती दुखत होती, असं तिनं मला फोनवर सांगितलं. शेजारच्या बाया येऊन सांगून जायच्या, आईच्या दुधाची सर कशाला येत नाही. ती ऐकून घ्यायची.

बारशानंतर एका दुपारी आशाबाई आमच्या घरी आल्या. भीमनगरात पहिल्यांदाच. पाटलांची गाडी कोपऱ्यावर उभी होती, ते उतरले नाहीत. आशाबाईंच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता. हे त्या दिवशी घरी होते, इंजेक्शनचा ताप नुकताच उतरला होता. दोघं एकमेकांसमोर बसले. हे त्यांना लहानपणी पाटलीणबाई म्हणायचे. आता काय म्हणावं ते ह्यांना कळेना, म्हणून नुसतंच "या" म्हणाले.

"बघू," आशाबाई म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग शर्टाची बटणं सोडली आणि पाठ वळवली. तीन-चार महिन्यांच्या औषधानं फोड्या बसल्या होत्या, कपाळ सपाट झालं होतं. पाठीवर मात्र काळपट डाग राहिले होते, नकाशासारखे. आशाबाईंनी एकेका डागावर हात फिरवला.

"दुखतंय?"

"नाय. खाजतं कधी कधी."

"खोबरेल लावत जा."

"लावते मी," मी म्हणाले.

त्यांनी शर्ट स्वतः उचलून ह्यांच्या खांद्यावर टाकला. "तू चावायचास लई," त्या म्हणाल्या. "दात आल्यावर. म्हनून बंद केलं." सासूबाई हसल्या, आणि मग आशाबाईही.

रक्तपेढीकडून उत्तर आलं आहे. जुनं रक्त कुणाला गेलं ते सगळं सापडलं नाही. दोघांचा पत्ता लागला. एकाची तपासणी झाली, त्याच्यात काही नाही. दुसरा गावी गेलाय, तो अजून आलेला नाही. डिलिव्हरीच्या बाईचं काहीच कळलेलं नाही. हे दर महिन्याला मॅडमना विचारतात.

कंपनीनं ह्यांना मशीनवरून स्टोअरमध्ये घेतलं. मॅडम म्हणतात, रोग गेलेला नाही, दबलेला आहे, कधी डोकं वर काढेल सांगता येत नाही, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि पाठ बघायची. पाठ मी रोजच बघते. नवीन काही दिसलं की पेनानं कडेनं रेघ मारते, म्हणजे वाढतंय का ते कळतं. आत्तापर्यंत दोनदा मारली, दोन्ही वेळा घामोळं निघालं.

इंजेक्शनच्या दिवशी आशाबाईंचा फोन येतो. ताप किती आहे विचारतात, हे सांगतात. त्यापुढे दोघांनाही काही सुचत नाही. मग सासूबाई फोन मागून घेतात, आणि दोघी कापसाच्या भावाचं बोलत बसतात.